भेट कितीची, आणि लपवली कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तुळशीचे लग्न लागले, आकाशकंदील उतरवून माळ्यावर गेला, की आपल्याकडच्या घरांना जरा उसंत मिळते. फराळाचे डबे रिकामे होतात, पाहुण्यांची ये-जा थांबते. नेमक्या त्याच सुमारास इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांत धांदल सुरू होते. नाताळ महिन्यावर आलेला असतो आणि घरातल्या कर्त्या माणसांपुढे दोन प्रश्न उभे असतात. भेटींवर यंदा किती खर्च करायचा? आणि आणलेल्या भेटी २५ डिसेंबरच्या सकाळपर्यंत मुलांपासून लपवायच्या कुठे?

दोन्ही प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतात. पण मंडळी, मी चौतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली आहेत. घरातला पैसा कुठून येतो आणि तो कोणापासून दडवला जातो, हे पाहिले की त्या घराचे बरेच काही कळते, असा माझा अनुभव आहे. निवृत्तीनंतर मुलीकडे न्यू जर्सीत तीन हिवाळे राहण्याचा योग आला. तेव्हा हे दोन प्रश्न मला अगदी जवळून बघायला मिळाले.

आधी पैशांचे बोलू. अमेरिकेत गॅलप ही जनमत अजमावणारी संस्था दरवर्षी नाताळच्या आधी लोकांना विचारते, की यंदा भेटवस्तूंवर तुम्ही स्वतः किती खर्च कराल? २०२४ साली या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांची सरासरी हजार डॉलरच्या थोडी वर होती. एका माणसाचा, फक्त भेटींचा, हा अंदाज. जेवणखाण, प्रवास, झाड आणि रोषणाई वेगळी. इंग्लंडचे उदाहरण घ्यायचे तर तिथल्या मध्यवर्ती बँकेने, बँक ऑफ इंग्लंडने, मांडलेला हिशेब असा आहे : सर्वसाधारण कुटुंब एरवी महिन्याला अडीच हजार पाउंडांच्या आसपास खर्च करते, तर डिसेंबरमध्ये त्याहून सुमारे ७४० पाउंड जास्त. म्हणजे महिन्याचा खर्च एकदम पाऊणपट नव्हे, पण पाव पटीहून अधिक वाढतो. पगार मात्र तेवढाच.

हे आकडे सरासरीचे आहेत, हे विसरू नये. सरासरीत चार हजार डॉलर उडवणारा असतो, तसाच चाळीस डॉलरांत सगळ्यांचे भागवणाराही असतो. शिवाय माणसे परिस्थिती बघून हात आखडता घेतात. २००८ साली सप्टेंबरात अमेरिकेतली एक बडी वित्तसंस्था बुडाली आणि सगळीकडे मंदीची हवा पसरली. त्या ऑक्टोबरमध्ये लोक गॅलपला म्हणत होते, आम्ही ८०१ डॉलर खर्च करू. नोव्हेंबरमध्ये तेच लोक ६१६ वर आले. महिनाभरात एवढा फरक! म्हणजे घरोघरी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून बेरजा-वजाबाक्या झाल्या असणार. कोणाच्या तरी नावापुढची मोठी वस्तू खोडून लहान वस्तू लिहिली गेली असणार.

आता हे पैसे येतात कुठून? माझ्या मुलीच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. लहानपण पेन्सिल्व्हेनियात, कोळशाच्या खाणींच्या गावात गेलेले. त्या सांगायच्या, ‘‘आमच्या वेळी मोज्यात एक संत्रे, थोडे आक्रोड आणि हातमोज्यांची एक जोडी असायची. पण तेवढ्यासाठीसुद्धा आई वर्षभर बँकेत दर आठवड्याला नाणी टाकायची.’’ त्या बचत खात्याला तिकडे ‘ख्रिसमस क्लब’ म्हणतात. त्याची सुरुवातही पेन्सिल्व्हेनियातच, कार्लाइल या गावातल्या बँकेत १९०९ साली झाली. दर आठवड्याला ठरलेली छोटी रक्कम भरायची आणि नाताळच्या तोंडावर एकरकमी उचलायची. व्याज नावापुरते. पण लोक व्याजासाठी पैसे ठेवतच नव्हते. आपला पैसा आपल्याच हाताला लागू नये, म्हणून ठेवत होते. आपल्याकडच्या बायका दिवाळीसाठी भिशी लावतात, त्यामागे हाच विचार असतो.

भिशीची आठवण निघाली म्हणून एक दुःखद हकीकतही सांगायला हवी. इंग्लंडमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी होती. वर्षभर थोडे थोडे पैसे भरायचे आणि नाताळात खाण्यापिण्याच्या जिनसांची टोपली किंवा दुकानात चालणारी कुपने घ्यायची, अशी तिची योजना. पैसे भरणारे बहुतेक बेताच्या मिळकतीचे. ते गोळा करणाऱ्याही त्याच गल्लीतल्या, ओळखीतल्या बायका. ऑक्टोबर २००६ मध्ये, नाताळ दहा आठवड्यांवर असताना कंपनी कोसळली. एक लाखाहून अधिक लोकांचे मिळून सुमारे चार कोटी पाउंड अडकले. देणग्या जमवल्या गेल्या, काही दुकानांनी मदत केली, पण ज्याचे त्याचे पूर्ण पैसे काही त्या नाताळात हाती आले नाहीत. ज्या बाईने शेजारणीकडून दर आठवड्याला पैसे घेतले होते, तिला शेजारणीच्या डोळ्याला डोळा देणे किती अवघड गेले असेल, याची कल्पना आपल्याला सहज येते. पतपेढी बुडाल्यावर आपल्या गावांतून अशी दृश्ये आपणही पाहिली आहेत. पुढे अशा कंपन्यांनी ग्राहकांचा पैसा वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवण्याची व्यवस्था केली. पण ते शहाणपण त्या वर्षीच्या मुलांच्या उपयोगाचे नव्हते.

अमेरिकेत आणखी एक जुनी पद्धत होती. तिला ‘लेअवे’ म्हणत. १९३० च्या दशकातल्या महामंदीत ती रूढ झाली. दुकानात वस्तू पसंत करायची, थोडे पैसे भरायचे. दुकानदार ती वस्तू तुमच्या नावाची चिठ्ठी लावून मागच्या खोलीत ठेवणार. हप्ते पूर्ण झाले की वस्तू घरी. यात गंमत अशी, की आपले दोन्ही प्रश्न एकाच फटक्यात सुटत. पैसे हळूहळू फिटत, आणि सायकल किंवा बाहुलीचे घर दुकानातच दडून राही. मुलांनी सगळे घर उलथेपालथे केले तरी त्यांना काय सापडणार? २०११ च्या डिसेंबरात तर अमेरिकेत ठिकठिकाणी वेगळेच घडू लागले. अनोळखी माणसे केमार्टच्या दुकानात जाऊन, ज्यांचे हप्ते राहिले आहेत अशा कुटुंबांची बाकी नाव न सांगता भरून टाकत. वॉलमार्टने ही पद्धत २००६ साली बंद केली, २०११ च्या नाताळासाठी पुन्हा आणली आणि २०२१ मध्ये परत बंद केली. तिच्या जागी ‘आत्ता घ्या, नंतर फेडा’ आले. बँकेतल्या माणसाला यातला फरक पटकन डोळ्यांत भरतो. पूर्वी पैसे आधी आणि वस्तू नंतर, असा क्रम होता. आता वस्तू आधी आणि पैसे नंतर. खेळण्याचा रंग उडून जातो, चाक निखळते, तरी हप्ता चालूच राहतो.

आता लपवण्याकडे वळू. तिकडच्या घरांत भेटी लपवण्याच्या जागा जवळजवळ ठरलेल्या आहेत. इंग्लंडमध्ये छपराखालचा माळा, कपाटाचा माथा, बागेतली अवजारांची खोली. अमेरिकेत तळघर आणि गराज. दोन्हीकडे मोटारीची डिकी. मुलांनाही या जागा ठाऊक असतात. डिसेंबर उजाडला की ती पलंगाखाली डोकावू लागतात, खुर्चीवर चढून कपाटावर हात फिरवतात. म्हणून मोठी माणसे डोके लढवतात. व्हॅक्यूम क्लीनरच्या रिकाम्या खोक्यात खेळणे ठेवायचे. प्राप्तिकराच्या कागदांच्या पेटीत पुस्तके घालायची, कारण त्या पेटीला कोणते मूल हात लावणार? काही जणी शेजारणीशी अदलाबदल करतात : माझ्याकडच्या भेटी तुझ्या घरी, तुझ्याकडच्या माझ्या घरी. मोटारीत ठेवणाऱ्यांना पोलीस बजावतात, की काचेतून दिसेल असे काही ठेवू नका. मुलांच्या आधी चोराला सापडेल. मोठ्या टीव्हीचे रिकामे खोके दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे करू नका, असेही सांगतात. घरात काय आले, याची ती जाहिरातच की!

आमच्या मुलीच्या घरात सगळ्यात सुरक्षित जागा निघाली ती माझ्या दोन रिकाम्या बॅगा. भारतातून येताना मेतकूट, गोडा मसाला, भडंग भरून आणलेल्या. तो वास बॅगेत अजून होता. नातीच्या लेखी ‘आजीच्या बॅगा’ म्हणजे मसाल्याची कोठी. त्या उघडण्याचे तिला काही कारण नव्हते. अशा रीतीने सहा महिन्यांच्या मुक्कामाला गेलेली आजी त्या कटात सामील झाली. मुलगी म्हणायची, ‘‘आई, किल्ली तुझ्याकडेच ठेव हं.’’ आणि मी लहानपणी लाडवाच्या डब्याचे कुलूप बघत बसायची, ते आठवून मला हसू यायचे.

काही वेळा लपवण्याचा काळ फारच लांबतो. एखादे खेळणे त्या वर्षी सगळ्यांनाच हवे असते आणि दुकानांतून संपते. १९८३ साली ‘कॅबेज पॅच’ बाहुल्यांसाठी अमेरिकेतल्या दुकानांत ढकलाढकली आणि मारामाऱ्या झाल्या होत्या. १९९६ साली गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या एल्मोच्या बाहुलीने तीच वेळ आणली. तेव्हापासून सावध पालक सप्टेंबरातच खरेदी उरकतात. म्हणजे चार महिने ते गुपित सांभाळायचे. तेवढ्यात मुलाची आवडही बदलून जाते, ही आणखी एक भानगड.

पण मुळात हे सगळे लपवायचे कशासाठी? वस्तू द्यायची आहे, तर आणल्या दिवशी हातात का ठेवू नये? या प्रश्नाचा एका समाजशास्त्रज्ञाने चांगला माग घेतला आहे. थिओडोर कॅपलो हे त्यांचे नाव. इंडियाना राज्यातल्या मन्सी या शहरात त्यांनी ११० प्रौढ माणसांना १९७८ सालच्या नाताळाबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारले. त्या ११० जणांच्या घेण्यादेण्यात ४,३४७ भेटी निघाल्या. कॅपलोंना दिसले ते असे, की या भेटींचे कडक नियम आहेत आणि ते जवळजवळ सगळे पाळतात. पण ते नियम कोणी कोणाला शिकवलेले नाहीत, आणि विचारले तर नीट सांगताही येत नाहीत. भेट कागदात गुंडाळलेलीच असली पाहिजे. न गुंडाळता येणारी असेल, पियानोसारखी, तर निदान फीत तरी बांधली पाहिजे. नात्याच्या जवळिकीप्रमाणे किंमत हवी. आईबापांनी सगळ्या मुलांना सारख्या मोलाचे दिले पाहिजे. मुलांनी आईबापांना तेवढ्याच किमतीचे परत दिले पाहिजे, असे मात्र मुळीच नाही. आणि हा सगळा व्याप, म्हणजे यादी, खरेदी, गुंडाळणे, प्रामुख्याने घरातल्या बायका सांभाळतात. हे शेवटचे ऐकून आपल्या श्रोत्यांपैकी कोणी चकित होईल, असे मला वाटत नाही. आहेराच्या साड्यांचे गठ्ठे कोणत्या नणंदेला कोणता, हे आपल्याकडेही बायकाच लक्षात ठेवतात.

त्या रंगीत कागदाची कथाही ऐकण्यासारखी आहे. शंभरेक वर्षांपूर्वी भेटी साध्या पातळ कागदात गुंडाळत. १९१७ साली कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला तो कागद ऐन नाताळात संपला. तेव्हा त्यांनी पाकिटांच्या आतल्या अस्तरासाठी फ्रान्सहून आलेला नक्षीदार कागद गल्ल्याशेजारी मांडला, दहा सेंटला एक याप्रमाणे. तो हातोहात खपला. पुढच्या वर्षी पुन्हा खपला. हेच हॉल बंधू पुढे ‘हॉलमार्क’ या नावाने जगभर ओळखले गेले. चिकटपट्टी आली ती त्यानंतर, १९३० साली. म्हणजे आज ज्याला आपण परंपरा समजतो, त्यातली बरीचशी दुकानाच्या गल्ल्याशेजारी जन्मली आहे.

मात्र लपवण्याची कल्पना दुकानाहून पुष्कळ जुनी. संत निकोलस हे चौथ्या शतकातले मायरा गावचे बिशप. हे गाव आजच्या तुर्कस्तानात, डेमरे इथे. त्यांच्याविषयी जी आख्यायिका सांगतात, ती मराठी माणसाच्या काळजाला भिडेल. एका गरीब बापाच्या तीन मुली लग्नाच्या होत्या. हुंड्याला पैसे नव्हते. निकोलसांनी रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. एकीचे लग्न झाले. पुन्हा दुसरी थैली, दुसरे लग्न. तिसऱ्या वेळी बाप जागत बसला आणि त्याने देणाऱ्याला गाठले. निकोलस म्हणाले, हे कोणाला सांगू नकोस. या कथेत वस्तू लपवलेली नाही. देणारा लपला आहे. घेणाऱ्याच्या मानेवर उपकाराचे ओझे राहू नये म्हणून. सांताक्लॉज ही त्याच निकोलसांची, अनेक देशांतून फिरून, पोशाख बदलून आलेली आवृत्ती. सांता रात्री येतो, कोणाला दिसत नाही, आभारासाठी थांबत नाही.

लपवली जाणारी तिसरी गोष्ट म्हणजे किंमत. भेट देताना किमतीची चिठ्ठी खरवडून काढायची, हा शिष्टाचार जगभर आहे. तिकडच्या दुकानांत ‘गिफ्ट रिसीट’ मिळते. त्या पावतीवर वस्तूचे नाव असते, रक्कम नसते. नाही आवडले तर बदलून घ्या, पण कितीचे होते ते विचारू नका. २६ डिसेंबरनंतर बदलून घेणाऱ्यांच्या रांगा लागतात त्या उगीच नव्हेत. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ साली एक निबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, की तुम्हाला मिळालेल्या भेटी कितीच्या असाव्यात, आणि त्याच वस्तूंसाठी तुम्ही स्वतः खिशातून किती दिले असते? भावनेचा भाग वगळून सांगा. उत्तरे अशी, की देणाऱ्यांनी सरासरी ४३८ डॉलर घातले असावेत, आणि घेणाऱ्यांच्या लेखी त्यांचे मोल होते ३१३. मधले सव्वाशे डॉलर गेले कुठे? वॉल्डफोगेल म्हणाले, वाया. त्यांच्या मते भेटीच्या किमतीचा दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा असा मातीमोल होतो. यावर वाद झाला, तो साहजिकच होता. १९९६ साली दुसऱ्या दोघा अभ्यासकांनी तोच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला, तर लोक म्हणाले, आम्हाला मिळालेली भेट किमतीहून मोलाची आहे.

वॉल्डफोगेल यांना आपल्याकडच्या एखाद्या लग्नात आणायला हवे. आपण पाकिटात १०१ किंवा ५०१ घालतो, वर नाव लिहितो, आणि घरी गेल्यावर ते वहीत टिपले जाते. काही लपत नाही आणि काही वायाही जात नाही. हिशेब चोख. पण खरे सांगू का, वहीतले आकडे वाचून डोळे भरून आल्याचे मी तरी कधी पाहिले नाही. लहानपणी मामाने आणलेला, मापाला जरा मोठा झालेला फ्रॉक मात्र अजून आठवतो. भावनेचा भाग वगळून भेटीची किंमत काढणे म्हणजे मीठ वगळून आमटीची चव सांगण्यासारखे आहे.

गेल्या काही वर्षांत लपवणे आणखी अवघड झाले आहे, कारण घरात संगणक आला. पूर्वी कपाट सांभाळले की झाले. आता सगळ्या घराचे खाते एकच. आईने एखादी वस्तू शोधली, की तिची जाहिरात मुलाच्या पडद्यावर झळकते. दारात पडलेल्या खोक्यावर आत काय आहे, ते छापलेले असते. २००७ च्या नोव्हेंबरात फेसबुकने ‘बीकन’ नावाची सोय सुरू केली. तुम्ही दुसऱ्या संकेतस्थळावर काय खरेदी केलीत, ते तुमच्या ओळखीच्यांना आपोआप कळायचे. एका गृहस्थाने नाताळासाठी बायकोला नकळत हिऱ्याची अंगठी घेतली. ती बातमी त्याच्या सगळ्या परिचितांपर्यंत आणि खुद्द बायकोपर्यंत पोचली. लोक कोर्टात गेले. २००९ साली बीकन बंद झाले आणि ९५ लाख डॉलरांची तडजोड झाली. माळ्यावरचे खोके मुलांना सापडणे निराळे. आपले गुपित तिसऱ्यानेच चव्हाट्यावर मांडणे निराळे. पहिल्यात निदान हसता येते.

आता ज्या गोष्टीने मला खरोखर विचारात पाडले, ती सांगते. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात जावयाच्या नोकरीचे काही खरे नव्हते. मुलीने आणि त्याने नाताळच्या भेटींचा आकडा आधीच ठरवला, दीडशे डॉलर, सगळ्यांच्या मिळून. आमचे घर सत्यनारायण करणारे. पण नात तिथल्या शाळेत जाते, तेव्हा दिव्यांचे छोटे झाड आणि सांताचा मोजा घरी आलाच होता. अनेक मराठी घरांत तिकडे तसेच असते. नातीला त्या वर्षी सांताकडून रंगीत खडूंची पेटी आणि एक पुस्तक मिळाले. ती खूश होती. सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती गप्प गप्प घरी आली. वर्गातल्या एका मुलाला सांताने खेळांचे महागडे यंत्र आणून दिले होते. रात्री झोपताना तिने मला विचारले, ‘‘आजी, सांताला तो माझ्यापेक्षा जास्त आवडतो का गं? मी यंदा शहाण्यासारखी वागले होते ना?’’

मंडळी, या प्रश्नाला बँकेतल्या चौतीस वर्षांत मला उत्तर सापडलेले नव्हते. लहान मुलाला सांगितलेले असते, की शहाण्या मुलाला सांता भेट देतो. मग ज्याच्या घरी पैसा कमी, ते मूल स्वतःला कमी शहाणे समजू लागते. बापाची तंगी मुलाच्या माथी दोष होऊन बसते. आईबापांनी किंमत लपवली, वस्तू लपवली, स्वतःलाही लपवले. आणि त्या लपवालपवीत मुलाला खरे कारण दिसेनासे झाले.

हा प्रश्न तिथल्या लोकांनाही पडलेला आहे. अमेरिकेतल्या मरीन दलाच्या राखीव सैनिकांनी १९४७ साली लॉस एंजलिसमध्ये गरीब मुलांसाठी पाच हजार खेळणी गोळा केली. ‘टॉइज फॉर टॉट्स’ हे काम तिथून सुरू झाले आणि देशभर पसरले. सांताच्या नावाने टपालात येणारी मुलांची पत्रे वाचून त्यांना उत्तरे द्यायची परवानगी तिथल्या टपाल खात्याने १९१२ सालीच कर्मचाऱ्यांना दिली होती. आणि अनेक घरांत पालकांनी एक साधा नियम केला आहे : मोठी, महागाची भेट आईबाबांच्या नावाने द्यायची; सांताच्या नावावर फक्त लहानसहान. आमच्या मुलीनेही दुसऱ्या दिवशी नातीला तेच सांगितले, ‘‘सांता फक्त मोज्यात मावेल तेवढंच आणतो. बाकीचं त्या मुलाच्या आईबाबांनी घेतलं असेल. आपण यंदा जरा जपून खर्च करतोय.’’ नातीने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘‘मग ठीक आहे.’’ तिला कमी भेट चालणार होती. कमी आवडणे चालणार नव्हते.

आपल्या वसईकडचे किंवा गोव्यातले ख्रिस्ती बांधव या बाबतीत अधिक सुखी आहेत, असे मला वाटते. वसईच्या एका सहकारी बाई दरवर्षी नाताळात आमच्या शाखेत डबा घेऊन यायच्या. त्यांच्याकडे मुलांना नवे कपडे आणि घरोघरी गोडाधोडाची ताटे, हीच मोठी भेट. गोव्यात नेवऱ्या, दोदोल यांचे ताट शेजारी पाठवायचे, मग शेजारी कोणत्याही धर्माचा असो. ते ताट लपवायचे नसतेच. सगळ्या वाड्याने बघायचे असते. अर्थात आता मॉलमधले झाड आणि ऑफिसातला ‘सीक्रेट सांता’ पुण्या-मुंबईतही आला आहे. त्यात निदान एक गोष्ट चांगली, की रकमेची मर्यादा चिठ्ठ्या टाकायच्या आधीच ठरते.

ती मर्यादा आधी ठरवण्याची सवय घरातही लागली, तर मला आनंद होईल. नाताळ असो की दिवाळी, आकडा यादीच्या आधी लिहावा. जमल्यास पैसे वर्षभर साठवावेत, आणि कुठे साठवतो याची चौकशी करावी. हप्ता खेळण्याच्या आयुष्यापेक्षा लांब नसावा. आणि हात आखडता घ्यावा लागला, तर मुलांना त्यांना समजेल एवढे कारण सांगावे. वस्तू खुशाल लपवा, त्यात मजा आहे. कारण लपवू नका.

आणि हो, जिथे लपवाल ती जागा एका कागदावर टिपून ठेवा. मुलीने नाताळासाठी आणलेली जलरंगांची एक पेटी माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात राहून गेली होती. परतीचे सामान भरताना मार्चमध्ये ती सापडली. नात समोरच उभी होती. मुलीने ती पेटी सरळ तिच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘‘घे, ही होळीची.’’